चित्राची सत्यप्रत



गेल्या काही वर्षांत आपल्या पेडणे-डिचोली भागात नवी घरे पुष्कळ उभी राहिली. चतुर्थीला किंवा वास्तुशांतीला गेलो की बसायच्या खोलीत सोफ्याच्या मागे कॅनव्हासवरचे एखादे मोठे चित्र दिसते. पूर्वी त्या जागी देवाची तसबीर किंवा किराणा दुकानाचे कॅलेंडर असे. आता तिथे पिवळी सूर्यफुले असतात, नाही तर निळे फडके डोक्याला गुंडाळलेली, कानात मोती घातलेली एक मुलगी मान वळवून आपल्याकडे बघत असते. "कोणाचे हो हे चित्र?" असे विचारले तर उत्तर मिळते, "दुकानातून आणले."

ही दोन्ही चित्रे मूळची डच चित्रकारांची. सूर्यफुले व्हिन्सेंट व्हॅन गॉगची आणि मोतीवाली मुलगी योहानेस व्हर्मीरची. आपल्या घरात असते ती त्यांची प्रत. ही प्रत म्हणजे नेमके काय, ती हाताने काढणे ही चोरी की अभ्यास, आणि ती घरात लावताना काय पाहावे, याविषयी या अंकात लिहायचे ठरवले आहे. त्याला एक कारण आहे, आणि ते आम्हाला फारसे भूषणावह नाही.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी एका चित्रकला स्पर्धेत परीक्षक म्हणून आम्ही बसलो होतो. आठवीतल्या एका मुलाने पुठ्ठ्यावर पोस्टर कलरमध्ये हीच मोतीवाली मुलगी काढून आणली होती. चित्र चांगले होते. आम्ही मात्र ते पाहताच बाजूला ठेवले आणि मागे लाल शाईने 'नक्कल' असे लिहिले. चित्रकला शिक्षक हळूच म्हणाले, "सर, दोन महिने रोज बसून काढलंय त्यानं." आम्ही म्हणालो, "दोन महिने लागले तरी नक्कल ती नक्कलच."

मुलगा चित्र परत न्यायला आला. लाल अक्षरे त्याने वाचली. मग आपला बचाव म्हणून नव्हे, तर आम्हाला काही सांगायचे राहून गेले आहे अशा सुरात तो म्हणाला, "सर, तिच्या नाकाला रेघच नाही. आणि मोत्याला अडकवायला कडी पण नाही."

त्याचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नाही. घरी गेल्यावर आमच्याच भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरावर तेच चित्र होते ते जवळ जाऊन पाहिले. खरेच, नाकाचा उंचवटा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये एकही रेघ नाही. एकच उजळ रंग सलग गेला आहे आणि नाक आपण मनाने पाहतो. मोती म्हणजे वर पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका आणि खाली कॉलरच्या उजेडाचे मंद प्रतिबिंब. कानात अडकवायची कडी चित्रकाराने काढलेलीच नाही, तरी मोती लोंबताना दिसतो. वर्षभर रोज सकाळी तारीख बघताना ते चित्र आमच्या समोर होते आणि आम्ही त्यातले काहीच पाहिले नव्हते. आठवीतल्या मुलाने पाहिले होते, कारण त्याने ते हाताने काढले होते.

नक्कल, प्रत आणि सत्यप्रत

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे परीक्षेत शेजाऱ्याचे बघून लिहिण्याला 'नकल' म्हणतात. कदाचित त्यामुळे हा शब्द दिसला की आमच्यातला पर्यवेक्षक जागा होत असावा. पण मराठीत नक्कल हा शब्द इतका वाईट नाही. सरकारी कचेरीतून कागदाची नक्कल मिळते. आपल्या गोव्यात जमिनीच्या कामाला एक-चौदाचा उतारा काढावा लागतो, तोही नोंदवहीची प्रतच. त्यावर सही-शिक्का असतो म्हणून बँक ती मानते. मुख्याध्यापक म्हणून आम्ही स्वतः वर्षानुवर्षे गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही केली आहे.

त्या शिक्क्याचा अर्थ काय? हा कागद मूळ नाही, पण मुळाशी प्रामाणिक आहे, आणि मूळ कोणते हे लपवलेले नाही. चित्रालाही हीच कसोटी लावावी असे आम्हाला वाटते. दुसऱ्याचे चित्र पाहून काढले आणि खाली 'मूळ चित्र अमक्याचे, पाहून काढणारा अमुक' असे लिहिले, तर ती सत्यप्रत. तेच चित्र स्वतःचे म्हणून पुढे केले तर ती चोरी. त्या मुलाने कोणतीही चोरी केली नव्हती. चित्र कोणाचे हे तो स्वतःहून सांगत होता. खाली दोन नावे लिहायची असतात हे आम्ही त्याला शिकवायला हवे होते. आम्ही 'नक्कल' लिहून मोकळे झालो.

सामान्य माणसाच्या भिंतीवरचे चित्र

ही डच चित्रे आजच्या घरांत इतकी शोभतात, यामागे इतिहास आहे. सतराव्या शतकात युरोपात इतरत्र मोठी चित्रे मुख्यतः राजवाड्यांसाठी आणि चर्चसाठी काढली जात. हॉलंडमध्ये व्यापाराने सुखवस्तू झालेला मध्यमवर्ग आपल्या घरासाठी चित्रे विकत घेऊ लागला. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६३६ साली गोव्यात येऊन गेला होता. तोच पुढे १६४० मध्ये ॲमस्टरडॅमला गेला, तेव्हा खाटीक, पाववाले आणि लोहारसुद्धा दुकानात चित्र टांगतात याचे त्याला नवल वाटले आणि त्याने तसे लिहून ठेवले.

घरे लहान, म्हणून चित्रेही लहान. मोतीवाली मुलगी १६६५ च्या सुमाराची. मूळ चित्र अवघे ४४.५ सेंटिमीटर उंच आणि ३९ सेंटिमीटर रुंद आहे. व्हर्मीरचे दुसरे प्रसिद्ध चित्र म्हणजे भांड्यात दुधाची धार सोडणारी स्वयंपाकघरातली बाई. त्यात राजा नाही, लढाई नाही. खिडकी, पाव, दूध आणि कामात गढलेली बाई, एवढेच. हे चित्र समजायला आपल्या घरातल्या आजीला कोणी शिकवावे लागणार नाही.

डच लोक आपल्यालाही परके नव्हते. यान हाउखेन व्हान लिन्स्कोटेन हा डच माणूस १५८३ पासून पाच वर्षे गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकून होता. १५९६ साली त्याचा प्रवासग्रंथ छापला गेला. त्यात त्याने काढलेल्या चित्रांवरून कोरलेली गोव्याच्या बाजाराची आणि इथल्या माणसांची चित्रे होती. म्हणजे हॉलंडमधल्या वाचकाने गोवा पहिल्यांदा पाहिला तो प्रतीच्या प्रतीतूनच. पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडून शिरोड्यावरून वेंगुर्ल्याला गेलात तर तिथे डच वखारीचे पडके अवशेष आजही दिसतात. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने ती सुरू झाली.

आणि देवाणघेवाण एका बाजूची नव्हती. रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकाराने १६५६ नंतरच्या काही वर्षांत मुघल दरबारातली चित्रे पाहून वीसहून अधिक रेखाचित्रे काढली. पन्नाशीला आलेला, नावाजलेला माणूस हिंदुस्थानातल्या चित्रकारांचे पाहून काढत होता. आमच्या लाल शाईने त्याचेही चित्र बाजूला ठेवले असते.

प्रतीने काय वाचवले

रेम्ब्रांटचे सर्वात प्रसिद्ध चित्र 'रात्रीचा पहारा' १६४२ चे. नगररक्षक दलाच्या सभागृहासाठी ते काढले होते. १७१५ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवायचे ठरले, पण तिथली भिंत अपुरी पडली. लोकांनी काय करावे? चित्राच्या चारही बाजू कापून टाकल्या! सर्वात मोठा तुकडा डावीकडचा होता. कापलेले तुकडे पुन्हा कधी सापडले नाहीत.

मग त्या भागात काय होते हे आज कसे कळते? गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने रेम्ब्रांटच्या हयातीतच त्या चित्राची लहान प्रत करून ठेवली होती म्हणून. २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्या प्रतीवरून संगणकाच्या मदतीने हरवलेल्या कडा पुन्हा तयार केल्या आणि काही महिने मूळ चित्राच्या भोवती लावून लोकांना दाखवल्या. मूळ चित्र जगभर गाजले, पण त्याच्या हरवलेल्या भागाची साक्ष द्यायला उरली ती प्रत.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून मोठे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे केले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या प्रती १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत लेण्यांत काम करत राहिले. सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. त्यांतलेही बरेच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेले. जे उरले ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दीडशे वर्षांत लेण्यांतले जे रंग उडाले, ते ताडून पाहायला या प्रतींचा उपयोग होतो.

पण या कामातली एक चूकही लक्षात ठेवली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रत करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले. पुढे ते पिवळे पडले आणि मूळ चित्रांचे नुकसान झाले. आपल्या भागातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात तांबड्या रंगाने कोरलेली कावी चित्रे आहेत. मुलांनी ती जरूर पाहून काढावीत. मात्र भिंतीला पाणी लावू नये, कागद चिकटवून ठसा घेऊ नये, खडूने बाह्यरेषा गिरवू नये. प्रतीसाठी मुळाला धक्का लावू नये, हा पहिला नियम.

खोट्याचे काय झाले

आता दुसरी बाजू. हान व्हान मेगेरेन नावाचा एक डच चित्रकार होता. त्याने व्हर्मीरच्या शैलीत नवी चित्रे काढली, ती जुनी दिसावीत म्हणून भट्टीत भाजली आणि व्हर्मीरची म्हणून विकली. १९३७ मध्ये त्यातले एक चित्र मोठ्या जाणकाराने अस्सल ठरवले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयात लागले. दुसरे एक चित्र महायुद्धाच्या काळात नाझी नेता गोअरिंग याच्या हाती गेले. १९४५ मध्ये देशाचा ठेवा शत्रूला विकला म्हणून मेगेरेनला पकडले, तेव्हा त्याने कबूल केले की ते चित्र आपणच काढले आहे. कोणी विश्वास ठेवीना, म्हणून पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक काढून दाखवले. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच तो वारला.

हात त्याचाही कसलेला होता. लुंडेन्स आणि मेगेरेन यांच्यात फरक कौशल्याचा नाही. एकाने मूळ कोणाचे हे लपवले नाही, दुसऱ्याने स्वतःचे नाव लपवून मेलेल्या माणसाचे नाव विकले.

पाहून काढता काढता शिकणे

व्हॅन गॉग १८८९ मध्ये आजारपणात रुग्णालयात होता. काढायला समोर माणसे नव्हती. मग मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे काळेपांढरे छाप समोर ठेवून त्याने ती आपल्या रंगांत काढली. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने याची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली. आपल्याला हे लगेच पटावे. बंदिश जुनीच असते, गळा मात्र प्रत्येकाचा वेगळा. जत्रेला देवळाच्या मांडवात होणारे जुने संगीत नाटक आपण नक्कल म्हणून सोडून देत नाही.

गोव्याचेच नाव घ्यायचे तर आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांचे घ्यावे. १८७० साली सांग्यात जन्मलेले त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवले. अंधारातून चेहरा उजेडात आणण्याची त्यांची हातोटी पाहून लोक त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणत. त्यांनी रेम्ब्रांटची माणसे काढली नाहीत. आपल्या घरातली, आपल्या आसपासची माणसे काढली. अभ्यास दुसऱ्याचा आणि शेवटी चित्र आपले, असा हा रस्ता आहे. पणजीला फोन्तेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे. पालकांनी मुलांना एकदा तिथे न्यावे.

विद्यार्थ्यांनी पाहून काढण्याचा अभ्यास असा करावा:

१. चित्र निवडल्यावर पहिला दिवस नुसते बघा. उजेड कोठून येतो, सर्वात काळोखी आणि सर्वात उजळ जागा कोणती, हे वहीत लिहा.

२. मूळ छापावर पेन्सिलीने सारख्या चौकटी आखा. कागदावर तेवढ्याच चौकटी, हव्या त्या प्रमाणात मोठ्या आखा. एकेका चौकटीतले बघून काढा. ट्रेसिंग कागद वापरू नका. त्यात हात चालतो, डोळा झोपतो.

३. रंग लावण्यापूर्वी फक्त एका तपकिरी रंगात उजेड आणि सावली भरून घ्या. हे साधले तर पुढचे अर्धे काम झाले.

४. मग रंग भरा. तैलरंग असतील तर खाली पातळ आणि वर जाड थर द्या. उलटे केले तर वरचा थर पुढे तडकतो.

५. शेवटी खाली मूळ चित्रकाराचे नाव आणि 'पाहून काढले' असे लिहून आपले नाव व तारीख घाला.

घरासाठी चित्र घेताना

पालकांसाठी चार शब्द. 'हाताने काढलेले' म्हणून विकली जाणारी सगळीच चित्रे तशी नसतात. पुष्कळदा कॅनव्हासवर यंत्राने छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे ओढलेले असतात. चित्राला भिंग लावून पहा. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ते छापील आहे. बाजूने बॅटरीचा उजेड टाका. कुंचल्याचे उंचवटे चित्रातल्या आकाराप्रमाणे न जाता भलतीकडेच जात असतील, तर ते जेल आहे. छापील चित्र घेण्यात गैर काही नाही. ते छापील चित्राच्या किमतीला घ्यावे, एवढेच.

खरोखर हाताने काढलेल्या प्रतींचा मोठा व्यवसाय चीनमधल्या शेन्झेन शहराच्या डाफेन या वस्तीत १९८९ पासून वाढला. तिथे वर्षानुवर्षे व्हॅन गॉग काढणारे कारागीर आहेत. चित्रामागे त्यांचे नाव बहुधा नसते. आपल्या भिंतीवर जे आहे ते कोणा माणसाच्या हाताचे काम आहे, याची आठवण आपण तरी ठेवावी.

ही प्रत कायद्याने चालते का, असेही पालक विचारतात. आपल्या देशात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या चित्रांचा स्वामित्वहक्क संपतो. रेम्ब्रांट १६६९ मध्ये, व्हर्मीर १६७५ मध्ये आणि व्हॅन गॉग १८९० मध्ये वारला. तेव्हा त्यांची चित्रे पाहून काढायला अडचण नाही. हयात चित्रकाराची परवानगी मात्र घ्यावीच लागते.

आणि आपला पाऊस विसरू नका. मृगापासून चतुर्थीपर्यंत आपल्या भिंती ओल धरतात. कॅनव्हास भिंतीला चिकटून लावला तर मागून बुरशी येते. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. उन्हाची तिरीप आणि चुलीचा धूर यांपासूनही चित्र दूर ठेवा.

शेवटची विनंती

गेल्या चतुर्थीला आम्ही त्या मुलाच्या घरी दर्शनाला गेलो होतो. माटोळीच्या बाजूच्या भिंतीवर ते चित्र होते. कडा ओलीने फुगल्या होत्या. त्याच्या आजीने कौतुकाने सांगितले, "आमच्या पोरानं काढलंय." मुलगा आता आयटीआयला जातो. आम्ही विचारले, "अजून काढतोस का?" तो म्हणाला, "नाही सर, त्यानंतर नाही काढलं." आमच्यावर त्याचा राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि प्रसाद आणायला आत गेला.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. शाळेच्या सभागृहाची पूर्वेकडची भिंत रिकामी आहे. तिथे बाजारातून आणलेली चित्रे लावण्याचा एक प्रस्ताव आहे. त्याऐवजी दरवर्षी मुलांनी पाहून काढलेली सहा चित्रे तिथे लावावीत आणि प्रत्येकाखाली दोन नावे असावीत. चित्रकलेच्या स्पर्धेत 'स्वतःचे चित्र' आणि 'अभ्यासचित्र' असे दोन वेगळे विभाग ठेवावेत, म्हणजे स्वतःच्या कल्पनेने काढणाऱ्यांवरही अन्याय होणार नाही.

पहिले अभ्यासचित्र कोणते लावायचे हे आम्ही ठरवले आहे. पुठ्ठ्याच्या कडा दुरुस्त करून आणि मागची लाल अक्षरे खोडून ते देण्याची विनंती त्या मुलाला केली आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. तो देईल तेव्हा त्या चित्रावर आम्ही स्वतः 'सत्यप्रत' लिहून सही करू.